भामरागडहून मुखरोगतज्ज्ञांचा दूरस्थ सल्ला मिळेल का?

प्रश्न: भामरागड तालुक्यातील माझ्या काकांना खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) जुनी सवय असून हल्ली त्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही, नागपूरचा लांबचा प्रवास करण्यापूर्वी तज्ज्ञांना छायाचित्रे दाखवता येतील का?

उत्तर १: आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत ई-संजीवनी या सरकारी दूरस्थ वैद्यकीय सेवेवर सल्ला मागता येतो. गालांच्या आतील भागाची छायाचित्रे भरपूर उजेडात काढावीत आणि तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या-खालच्या पुढील दातांमधले अंतर पट्टीने मोजावे. प्रौढांत ते साधारणतः ३५ मिलिमीटरहून अधिक असते.

उत्तर २: मात्र छायाचित्रावरून कर्करोग नाही असे ठरवता येत नाही. लाल-पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण असल्यास प्रत्यक्ष तपासणी टाळू नये, कारण बायोप्सी, म्हणजे त्या जागेचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, दूरस्थ होत नाही. खर्रा थांबवण्यासाठी तर तज्ज्ञांची वाट पाहण्याचेही कारण नाही.