मदत हवी आहे: जुन्या मार्गदर्शिकेतील दर्शनस्थळाची नेमकी जागा कशी ठरवावी?

थॉमस वेस्ट यांच्या १७७८ च्या मार्गदर्शिकेत इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील सरोवरे कोठे उभे राहून पाहावीत, ती ‘स्टेशने’ नोंदलेली आहेत. त्यांवर मला जिओकॅशिंगची (जीपीएसच्या साहाय्याने लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाची) मालिका रचायची आहे. विंडरमिअरकाठच्या क्लेफ स्टेशनसाठी वेस्ट यांनी खूण सांगितली ती रस्त्यालगतच्या दोन लहान ओक वृक्षांची, परंतु तेथे पुढे इमारत उभी राहिल्याने जागा निश्चित आहे. अन्यत्र अशी सोय नाही. जुने सर्वेक्षण-नकाशे आजच्या समोच्च रेषांवर ठेवून पाहिले, तरी वाढलेल्या झाडीमुळे वर्णनातील दृश्य जुळत नाही. शोधायचा डबा जमीनमालकाच्या परवानगीने, इतर डब्यांपासून १६१ मीटरचे अंतर पाळून, स्टेशनापासून दूरच ठेवणार आहे. स्थळावर केवळ निरीक्षणाचा टप्पा असेल. अशा वेळी वर्णनातील शिखरे व बेटे यांच्या दिशा उलट मोजून स्थान काढणे विश्वासार्ह ठरेल का, आणि त्यासाठी किमान किती खुणा घ्याव्यात?