फ्रान्सचंच उदाहरण घ्यायचं तर

'फ्रान्समध्ये बायका गरोदरपणात वाइन घेतात, मुलं ठणठणीत असतात' असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. त्याच फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमोइन या बालरोगतज्ज्ञांनी १९६८ साली मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली होती. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी, आईच्या दारूमुळे पोटातल्या बाळात होणाऱ्या दोषांना 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलं, तेव्हा जग जागं झालं. २००७पासून तर फ्रान्समध्येच दारूच्या बाटलीवर गरोदर बाईसाठी इशारा सक्तीचा आहे.

दारू वारेतून सरळ बाळाच्या रक्तात उतरते आणि ती पचवायला त्याचं यकृत तयार नसतं. बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ ही खूण थोड्याच मुलांत दिसते. बाकीची दिसायला अगदी चारचौघांसारखी. मग शाळेत गणित जमत नाही, सांगितलेलं लक्षात राहत नाही, आणि त्या पोराला 'आळशी', 'हट्टी' म्हणून मार बसतो. मला सगळ्यात जास्त हे लागतं.

दिवस गेल्याचं कळण्याआधी कुणी घेतली असेल, तर घाबरून लपवू नका. आज थांबवा आणि डॉक्टरांना खरं सांगा. मात्र रोजची सवय असेल तर एकदम सोडण्याआधी त्यांना विचारा.