अनुभव धागा: बाळाचं नाव सरकारी आरोग्य योजनेत कधीपासून धरतात?

सोनटक्का
फायली आवरताना राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेचं जुनं स्मार्टकार्ड हाती आलं, म्हणून हा धागा. २००८ ची ती योजना. कुटुंबातले पाच जण, वर्षाला ३०,००० रुपयांचं कवच, नोंदणीचे ३० रुपये. त्या काळी आयाबाया हमखास विचारायच्या, पाच नावं आधीच भरलीत, आता बाळ झालं तर? तेव्हाही उत्तर हेच होतं की बाळ जन्मापासून आईच्या कार्डावर धरलं जातं.

आज कार्ड बदललं, रक्कम बदलली, पण प्रश्न तोच आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत नोंदणीची खिडकी अमुक तारखेला उघडते आणि तमुक तारखेला बंद होते, असं काही नाही. हक्क कुटुंबाचा असतो आणि बाळ जन्मल्या क्षणी त्या कुटुंबात येतं. कुटुंबातल्या माणसांच्या संख्येला मर्यादा नाही, आधीपासूनच्या आजारालाही पहिल्या दिवसापासून कवच आहे. उशीर होतो तो कागदांमुळे. तुमच्याकडे नेमकं कुठे अडतं ते लिहा, म्हणजे पुढच्यांची धावपळ वाचेल.

आरोग्यमित्र_सातारा
रेशनकार्डावर बाळाचं नाव नाही म्हणून कोणी परत पाठवत असेल तर तिथून हलू नका. नवजात बाळासाठी तीन गोष्टी लागतात: आई किंवा वडिलांचं नाव असलेलं रेशनकार्ड, त्या पालकाचं फोटो ओळखपत्र आणि बाळाचा जन्मदाखला. शिवाय बाळाचा पालकासोबत काढलेला फोटो. बाळ अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत असेल तर आईला किंवा वडिलांना पेटीशेजारी उभं करून फोटो काढतात.

तातडीचं असेल तर रुग्णालयाने फोनवर पूर्वसूचना देऊन उपचार सुरू करायचे असतात, कागद मागाहून येतात. नातेवाइकांनी आधी अनामत भरली की पुढे ती परत मिळवणं फार कटकटीचं होतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, रुग्णालयात ते दारातच किंवा केसपेपरच्या खिडकीजवळ असतं.

मनीषा_क
माझं एकच सांगणं, जन्मदाखला. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.
२१ दिवसांत नोंद फुकट. २१ ते ३० दिवस विलंब शुल्क. ३० दिवसांनंतर वर्षापर्यंत लेखी परवानगी आणि स्वतः सही करून साक्षांकित केलेला कागद. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. रुग्णालयात बाळंतपण झालं तर नोंद रुग्णालय पाठवतं, पण त्या फॉर्मात नावं काय लिहिली ते डिस्चार्जच्या आधी स्वतः वाचा. नंतर एक वेलांटी दुरुस्त करायलाही अर्ज आणि पुरावे लागतात.

चिंचोका
नाव ठरलं नसेल तर? आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशी नाही, सव्वा महिन्याने करतात

मनीषा_क
@चिंचोका थांबायचं कारण नाही. नावाशिवाय नोंद होते आणि दाखलाही मिळतो. नाव १२ महिन्यांपर्यंत फुकट चढवता येतं, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. फक्त कागदावर चढवायचं ते नाव एकदाच पक्कं करा. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि रेशनकार्डावर लाडाचं तिसरं असं झालं की संगणक त्यांना तीन वेगळी मुलं समजतो.

पायवाट
पहिलं बाळंतपण माहेरी, तिथेच खरी गुंतागुंत आहे. यावर कोणी लिहीत नाही म्हणून सविस्तर.

१) जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे होते. म्हणजे सासर बारामतीला आणि बाळंतपण मिरजेला झालं तर दाखला मिरजेचा. तो सगळीकडे चालतो. 'आमच्या तालुक्याचा आणा' असं कोणी म्हटलं तर ते चूक.

२) बऱ्याच मुलींचं नाव लग्नानंतर माहेरच्या कार्डावरच राहतं. ते कमी करून तसा दाखला घ्यायचा आणि मग सासरच्या कार्डावर चढवायचं. नाव कमी करायला नमुना ९, वाढवायला नमुना ८. हे काम गरोदरपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात उरकलं पाहिजे. बाळ झाल्यावर तहसीलच्या पुरवठा शाखेत कोण हेलपाटे घालणार?

३) आधारवर आईचं माहेरचं नाव आणि जन्मनोंदीत सासरचं, असं फार वेळा होतं. प्रसूतीसाठी नाव घालताना केसपेपरवर आधारवर आहे तेच नाव अक्षरशः लिहायला सांगा. बाळाचं 'बेबी ऑफ अमुक' त्यावरूनच बनतं आणि पूर्वपरवानगीची (योजनेकडून उपचाराला आधी घ्यायच्या मंजुरीची) विनंतीही त्याच नावाने जाते.

आईचं नाव मधल्या मध्ये लटकलेलं असेल तर वडिलांचं कार्ड दाखवा. पालक दोघांपैकी कोणीही चालतो.

सोनटक्का
@पायवाट हे फार मोलाचं लिहिलंत. ओल्या बाळंतिणीला आणि तिच्या आईला या चकरा मारताना पाहून जीव तुटतो.

भाकरी_पिठलं
पांढरं रेशनकार्ड चालतं का हो? आमचे दुकानदार म्हणतात नाही

आरोग्यमित्र_सातारा
@भाकरी_पिठलं ताई, चालतं. शासन निर्णय २८ जुलै २०२३ चा, अंमल १ जुलै २०२४ पासून. पिवळं, केशरी, पांढरं सगळी. कवच कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं होतं ते ५ लाख झालं.
पण ही रक्कम पूर्ण कुटुंबाची मिळून आहे. त्याच वर्षी आजोबांची अँजिओप्लास्टी योजनेतून झाली असेल तर तेवढी वजा होऊन उरलेली बाळासाठी. कमी दिवसांच्या बाळाचा अतिदक्षता विभागातला मुक्काम लांबतो, म्हणून शिल्लक किती ते आधी विचारून घ्या.

टिटवी
दुसरी अडचण. रुग्णालय योजनेत आहे, पण नवजात शिशूंच्या उपचारांसाठी नाही. अंगीकरण विशेषज्ञतेप्रमाणे असतं. हाडांच्या शस्त्रक्रियांना मान्यता आहे म्हणजे बाळाच्या व्हेंटिलेटरला आहे असं नाही. दारावरचा फलक बघून आत जाऊ नका, '१५५३८८' वर फोन करून जिल्हा आणि 'नवजात शिशू' असं स्पष्ट सांगून विचारा. आयुष्मानचा क्रमांक १४५५५.

डॉ_अबोली
योजनेच्या नादात एक गोष्ट विसरू नका. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११) सगळं मोफत आहे, औषधं, तपासण्या, रक्त, घर ते रुग्णालय ते घर गाडी. सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत होतं, मग वर्षापर्यंतच्या बाळांना लागू झालं. त्याला कार्ड लागत नाही, रंगही विचारत नाहीत. जिल्हा रुग्णालयातला नवजात शिशू कक्ष चांगला चालत असेल तर आधी तोच बघावा, असं माझं ठाम मत आहे. कावीळ, जंतुसंसर्ग, कमी वजन यांसाठी लोक उगाच लांब जातात आणि वाटेत बाळ गार पडतं. गाडीत बाळ आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून, टोपी-मोजे घालून, वरून शाल.

जन्मजात व्यंग असेल, म्हणजे हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडी पावलं, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. त्याची सुरुवातच २०१३ साली पालघरहून झाली. तपासणीचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, पण तुम्ही पथकाची वाट बघायची गरज नाही. ग्रामीण रुग्णालयात जाऊन थेट विचारा.

चिंचोका
वाकडी पावलं कितव्या दिवशी दाखवायची? भाचीच्या बाळाला आहेत

डॉ_अबोली
@चिंचोका पहिल्या एक-दोन आठवड्यांतच. आठवड्याला एक प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात, जितकं लहान तितकं सोपं. नंतर रात्रीचे बूट बरीच वर्षं घालावे लागतात, ते मात्र सोडू देऊ नका. तिथेच पालक कंटाळतात आणि पाऊल परत वळतं.

सेतुवाला
आयुष्मान कार्डाबद्दल. कुटुंबातल्या एकाचं तरी कार्ड आधी मंजूर झालेलं हवं, मग 'सदस्य जोडा' मधून बाळ. पुरावा जन्मदाखला किंवा नाव चढलेलं रेशनकार्ड.
पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे नसतातच, म्हणून अंगठा लावून ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पटवणं) होणार नाही. पालकाच्या चालू मोबाइलवर ओटीपी आला पाहिजे. बाळाचं निळं आधार काढताना जुना, बंद पडलेला नंबर दिलेला असतो आणि सगळं तिथे अडतं.
१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना आधारसाठी जन्मदाखलाच लागतो. पाच वर्षं झाली की ठसे-डोळे द्यायचे, सातच्या आत फुकट.

भाकरी_पिठलं
तान्ह्याचा आधारचा फोटो कसा काढतात हो, झोपलेलं चालतं का

सेतुवाला
डोळे उघडे हवेत. दूध पाजून ढेकर काढल्यावर दहा मिनिटांत आणा. आईने मांडीवर पांढरा दुपट्टा अंथरायचा, वरून फोटो. टोपी आणि काजळाची तीट आधी पुसून घ्या, गालावरची मोठी तीट फोटोत डागासारखी दिसते. तीट पायाला लावा, दृष्ट तिथूनही निघते 🙂

कारखाना_शिफ्ट२
ईएसआयसीवाल्यांसाठी (कामगारांचा राज्य विमा). पगार २१,००० पर्यंत. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामगाराला आणि कुटुंबाला वैद्यकीय लाभ. बाळाचं नाव कुटुंबाच्या तपशिलात चढवायला एचआरला जन्मदाखला द्या आणि चढल्यावर नवी प्रिंट मागून घ्या. पगार मधेच २१,००० च्या वर गेला तरी चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च) संरक्षण सुटत नाही. एचआर बऱ्याचदा लगेच कपात थांबवतं, ते बरोबर नाही.

म्हापशेकार
गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, २०१६ पासून. तिथे मात्र नोंदणी करावी लागते, ५ वर्षांचा रहिवास हवा. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. म्हणजे दुसरं मूल झालं आणि चौथं नाव चढलं की मर्यादाच वाढते. म्हणून नाव चढवण्यात आळस नको.

न्यूजर्सी_काकू
इकडे अमेरिकेत असणाऱ्यांसाठी. मुलांचा सरकारी आरोग्य विमा 'चिप' (१९९७) आणि कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा मेडिकेड यांना ओपन एन्रोलमेंट, म्हणजे नोंदणीची ठरावीक मुदत, नसतं, वर्षभर कधीही अर्ज करता येतो. मार्केटप्लेसच्या (खासगी विमा घ्यायच्या सरकारी बाजाराच्या) नोव्हेंबरच्या तारखा ऐकून लोक मुलांचाही अर्ज उगाच लांबवतात. बाळंतपणाच्या वेळी आईला मेडिकेड असेल तर बाळ आपोआप एक वर्ष त्यात. १ जानेवारी २०२४ पासून १९ वर्षांखालच्या मुलांना एकदा मंजुरी मिळाली की सहसा सलग १२ महिने कवच, मधे घरचं उत्पन्न वाढलं तरी.
कंपनीचा विमा असेल तर बाळ जोडायला ३० दिवस, मार्केटप्लेसला ६०. वेळेत कळवलं तर कवच जन्मतारखेपासून. एच-४ वरच्या (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांना मिळतं की नाही हे राज्यावर आहे, पण इथे जन्मलेलं मूल नागरिक असतं, त्याला आईवडिलांच्या व्हिसाची अट नाही.

टिटवी
काकू, जुळी असतील तर दोन अर्ज का एकच?

न्यूजर्सी_काकू
घरचा अर्ज एकच, त्यात दोन्ही मुलांची नावं. कार्डं दोन येतात.

मनीषा_क
@टिटवी आपल्याकडे जुळ्यांच्या जन्मनोंदी दोन आणि दाखलेही दोन. जन्मवेळ दोघांची वेगळी लिहिली आहे ना बघा. रुग्णालयात 'बेबी १' आणि 'बेबी २' यांच्या पूर्वपरवानग्याही वेगळ्या मागवाव्या लागतात. एकीचे कागद दुसरीच्या फायलीत गेले तर दोन्ही अडकतात, म्हणून दोन रंगांच्या फायली करा.

आरोग्यमित्र_सातारा
डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधं महात्मा फुले योजनेतच धरलेली असतात. डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख लिहून घ्या, ती दहा दिवसांच्या आतली असू द्या.