प्रतिसाद: कौन्सिल वर्षभर करते तरी काय?

वर एका भाऊनं लिहिलंय, फार्मसी कौन्सिल (औषधशास्त्राच्या शिक्षणावर देखरेख ठेवणारी देशपातळीची संस्था) दिल्लीत बसून फक्त कॉलेजांना मान्यता वाटते. अर्धंच पटलं. फार्मासिस्टची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे असते. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं दिल्लीच्या कौन्सिलकडे मुख्यतः शिक्षण आहे. अभ्यासक्रम ठरवणं, कॉलेजांची तपासणी, मान्यता देणं नाहीतर अडवणं, हेच दरसालचं काम. वाटतच सुटली असंही नाही. २०२०-२१ पासून नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी तिनंच घातली होती. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात ती टिकली नाही, नुसत्या ठरावानं असं करता येत नाही म्हणून.

माझं वर्धा जिल्ह्यात खेड्यावर मेडिकल आहे. कपाशीच्या फवारणीत माणूस डोळे चोळत येतो, "चक्कर येऊन रायली, एक गोळी द्या." गोळी न देता त्याला दवाखान्यात पिटाळायचं, हे शिकलेल्यालाच सुचतं. त्याच कायद्याचं कलम ४२ म्हणतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यावं. इकडं कुणा फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्यानं भिंतीवर अन् काउंटरवर मालकाचा भाचा! (आमच्याकडे मी स्वतःच असतो, बायको फक्त गल्ल्यावर.) पण भाच्याला पकडायचं काम दिल्लीचं नाही, राज्याच्या यंत्रणेचं. राग तिकडे वळवा.