‘सर्व्हायव्हर’ला मराठीत काय म्हणायचं? ‘पीडिता’ नको, असं तिनंच सांगितलंय

करवीरकाठ
चार महिने झाले, एका इंग्रजी आत्मकथनाचा अनुवाद करतोय. खरा गुन्हा, खरी बाई. नवऱ्यानं जिवे मारायचा प्रयत्न केला, ती जगली, खटला शेवटपर्यंत लढली आणि पुढं स्वतःचं घर उभं केलं. आपल्याकडं सत्य गुन्हेकथा म्हणजे बहुतेक वेळा खुन्याचीच कथा असते. या पुस्तकात तो तिसऱ्या प्रकरणातच तुरुंगात जातो. खरं पुस्तक सुरू होतं ते त्यानंतर.

तिच्यासाठी पानापानावर ‘सर्व्हायव्हर’ हा शब्द आलाय. मी सरसकट ‘पीडिता’ लिहीत गेलो. वर्तमानपत्रात तोच असतो, हाताला तोच लागला. दर रविवारी पेठेतल्या वाचनालयात आम्ही आठ-दहा जण बसतो, तयार झालेलं प्रकरण मी वाचून दाखवतो. त्यात मिरची कांडप चालवणाऱ्या एक ताई येतात. त्यांच्यावर चौदा वर्षांपूर्वी घरातच खुरप्यानं वार झाले होते. हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात, म्हणून लिहितोय. परवा मला मधेच थांबवून त्या म्हणाल्या, “सर, तिला अजून कोण पिडतंय का?” म्हटलं, नाही, तो आत आहे. “मग पीडिता कशी? पिडणारा गेला की आत.”

मला पुढं वाचता येईना. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. उरलेल्या तीन बोटांत त्या सूप धरतात आणि लाल बुक्की चाळणीवर अशी पसरतात की कण सांडत नाही. त्या हाताकडं बघून ‘पीडिता’ उच्चारवेना.

‘बळी’ म्हणावं तर ती जिवंत आहे. ‘अत्याचारग्रस्त’ सरकारी वाटतं. ‘वाचलेली’ लिहिलं तर वाचून झालेली, असंही कोणी वाचेल. मुखपृष्ठासाठी एक नाम पाहिजे. सुचवा.

शब्दशुद्धी
‘अतिजीविता’. मल्याळम वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर हा शब्द आता रुळलाय. संस्कृत शब्द, अर्थ नेमका: संकट ओलांडून जी जगली ती. मल्याळी माणसानं आपल्याच भाषांच्या घरातला शब्द उचलला आणि वापरून वापरून तो सोपा केला. आपण मात्र आळसानं ‘सर्व्हायव्हर’ देवनागरीत लिहून मोकळे होतो. नवा शब्द पहिल्या दिवशी कानाला खुपतो, पण महापौर आणि दिनांक हे शब्दही एकेकाळी नवेच होते.

माळावरची
कागल-निपाणी पट्ट्यात ‘अतिजीविता’ म्हणून बघा. बायकांना त्यातलं ‘अति’ तेवढं ऐकू येईल. अति बोलते, अति करते, हे ऐकतच त्या नांदलेल्या असतात.

आमच्याकडं अशा बाईला ‘निभावली’ म्हणतात. “लई सोसलं, पण निभावली.” नाम नाहीच, क्रियापद आहे. मराठीत हा अनुभव क्रियापदातच राहतो: वाचली, तगली, निभावली, सावरली, उभी राहिली. इंग्रजीला माणसावर चिकटवायला नाम लागतं, म्हणून आपणही नाम शोधत बसायचं का? प्रत्येक ठिकाणी वाक्य फिरवून बघा, निम्म्या जागी अडचण राहणार नाही.

करवीरकाठ
वाक्य फिरवून पाहिलं, ताई. आत जमतं. पण एका ठिकाणी ती स्वतः न्यायाधीशांपुढं म्हणते की मी व्हिक्टिम नाही, मी सर्व्हायव्हर आहे. तिथं नामाला नामच भिडलंय. “मी बळी नाही, मी निभावले” असं केलं तर पहिला शब्द दगडासारखा आणि दुसरा वाऱ्यावर, असं होतं.

निवृत्त बेंचक्लार्क
कोर्टात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच कसबा बावड्याच्या नव्या इमारतीच्या आधीची. कागदावर या बाईला ‘पीडिता’ फार पुढं आली. ३०७ च्या, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाच्या, प्रकरणात ती आधी फिर्यादी असते, नाहीतर ‘जखमी साक्षीदार’. आता भारतीय न्याय संहितेत तेच कलम १०९ झालंय. दोन्ही शब्दांत तिला काम आहे. फिर्यादी म्हणजे जिनं तोंड उघडलं ती. जखमी साक्षीदार म्हणजे जिच्या अंगावरच पुरावा आहे ती, आणि अशा साक्षीला न्यायालयं वेगळं वजन देतात. घटनास्थळी ती होती, हे तिची जखमच सांगते. ‘पीडिता’त मात्र तिच्याकडं काहीच काम नाही, जे काही ते तिच्यावर झालेलं.

माझं मत ‘फिर्यादी’ला.

आणखी एक. १९९६ साली उघडकीस आलेलं बालहत्याकांड कोल्हापुरात कुणी विसरलेलं नाही. २००१ ला इथल्या सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, २०२२ ला उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली. त्या दोघी बहिणींची नावं आजही पोराटोरांना पाठ आहेत. त्यांनी उचललेल्या एका तरी लेकराचं नाव इथं कुणाला सांगता येईल? शब्द नाही ही अडचण नंतरची. आपण त्या बाजूला बघतच नाही.

शब्दशुद्धी
काका, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण ‘फिर्याद’ फारशी आणि ‘जखम’ही फारशी. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करून घेतला? दरबारातले यावनी शब्द काढून आपले बसवण्यासाठीच ना? साडेतीनशे वर्षांनी त्यांच्याच करवीरच्या गादीच्या गावात आपण पुन्हा ‘फिर्यादी’वर येऊन थांबायचं?

अनुस्वार
याच गावात राजाराम कॉलेजात कवी माधव जूलियन शिकवत होते. त्यांनीच १९२५ ला फारशी-मराठी कोश केला आणि त्यांनीच पुढं १९३८ ला ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. म्हणजे ज्या माणसाला मराठीतली फारशी सगळ्यात जवळून माहीत होती, तोच शुद्धीकडं वळला. हे दोन्ही बाजूंनी वापरता येतं, म्हणून मी कुणाच्याच बाजूनं वापरत नाही. ‘फिर्याद’मध्ये मात्र ‘फर्याद’ आहे, मदतीसाठी मारलेली हाक. ती हाक संस्कृतात नेली की ‘तक्रारकर्ती’ होते असं कुणी म्हणेल, तर ‘तक्रार’ही अरबीच आहे.

चिखलीचा
मी पूरग्रस्त. ‘ग्रस्त’ या शब्दावर मला बोलायचंय.

२०१९ ला पंचगंगेची धोक्याची ४३ फुटांची पातळी कधीच मागं पडली होती. आम्ही माडीवर, खाली गोठ्यात पाणी. म्हशी आधीच सोडून दिल्या होत्या. पाणी उतरलं, हातभर चिखल काढला, भिंती रंगवल्या, नवी म्हैस आणली, तरी पंचायतीच्या यादीत आम्ही पूरग्रस्तच. यादीत नाव नसतं तर अनुदान मिळालं नसतं, हेही खरं. पण माझी आई पाहुण्यांपुढं स्वतःची ओळख “आम्ही पूरग्रस्त” अशीच करून द्यायला लागली. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा तिच्या तोंडून तेवढाच एक शब्द निघाला. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणातल्या सूर्यासारखा. सूर्य सुटतो. यादीतला माणूस सुटत नाही.

म्हणून ‘अत्याचारग्रस्त’ नको.

धरणग्रस्ताची लेक
चिखलीच्या दादांचं पटतं, पण अर्धंच. माझे वडील काळम्मावाडीचे धरणग्रस्त. मोर्चात ते छातीवर बिल्ला लावून जायचे, त्यावर हाच शब्द होता. ‘आम्ही धरणग्रस्त’ म्हटलं की साहेबाला खुर्चीतून उठावं लागायचं. त्या शब्दावर आम्हाला जमीन मिळाली, दाखला मिळाला. प्रकल्पग्रस्त म्हणून नोकरीत समांतर आरक्षण मिळालं, त्यावरच मी आज शिक्षिका आहे. ‘ग्रस्त’ला कुणी गिळलेलं असेल, पण आमच्या घरात तो शब्द कणखर होता. शब्दाला पाठीचा कणा असतो का नसतो, हे तो कोण बोलतंय यावर ठरतं. पत्रकार ‘पीडिता’ लिहितो तेव्हा ते वेगळं. बाईनं स्वतः ‘मी पीडित’ असं पोलिस ठाण्यात ठणकावून म्हटलं तर तेही वेगळं.

माळावरची
मग कांडपवाल्या ताईंनी तो का नाकारला? त्यांनीही कुठंतरी अर्जावर लिहिलाच असेल की.

करवीरकाठ
लिहिला होता. त्यांनीच सांगितलं. कांडप यंत्र त्यांना जिल्हा परिषदेच्या महिला-बालकल्याणच्या अनुदानातून मिळालं. त्या अर्जाबरोबर त्यांनी आपली हकीकत लिहून दिली होती आणि लिहून देणाऱ्यानं त्यात दहा वेळा ‘पीडित महिला’ घातलं होतं. “तवा घातलं, गरज हुती,” म्हणाल्या. “आता माज्याकडं मार्च ते मे रोज चाळीस गिऱ्हाईक येतं, ब्याडगी घेऊन, संकेश्वरी घेऊन. त्येंच्यापुढं मी काय म्हणून उभी ऱ्हावू?”

मी विचारलं, तुम्ही स्वतःला काय म्हणता? थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी वाचली म्हणती. आन् काय म्हणणार?”

निवृत्त बेंचक्लार्क
सरकारनं एकदा चांगलं नाव काढलं होतं. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या प्रकरणांसाठी २०१३ ला आणलेल्या योजनेचं नाव ‘मनोधैर्य’ ठेवलं. त्याच वर्षी दंड संहितेत ॲसिड हल्ल्यासाठी ३२६अ हे वेगळं कलम आलं, आणि लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले. योजनेच्या नावात धैर्य, कागदावर मात्र पुन्हा ‘पीडित’.

करवीरकाठ, छापताना एक सांभाळा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात नाव उघड करायला कायद्यानं बंदी आहे. आधी दंड संहितेचं २२८अ होतं, आता न्याय संहितेचं कलम ७२. स्वतः बाईच्या लेखी संमतीनं चालतं. तुमच्या प्रस्तावनेत कांडपवाल्या ताईंबद्दल लिहिणार असाल तर, कलम लागू असो-नसो, त्यांची सही घ्या.

अनुस्वार
‘मी वाचली’ असं त्या म्हणाल्या, आणि करवीरकाठ यांची पहिली हरकत नेमकी त्यावरच होती, की ‘वाचलेली’ म्हणजे पुस्तकही होऊ शकतं. हा घोळ जुन्या मराठीत नव्हताच. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडा. वाचणें म्हणजे पुस्तक वाचणें. जीव राहिला तर वांचणें, डोक्यावर अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि दोन वेगळ्या बायका एका कपड्यात आल्या.

हे वांचणें संस्कृत ‘वञ्च्’शी जोडलेलं आहे, निसटणं, चुकवणं या अर्थानं. हिंदी ‘बचना’ही मला त्याच घरचा वाटतो, म्हणून ‘बचावली’ला हिंदी म्हणून हाकलू नका. ‘तुझ्यावांचून’मधलं वांचूनही जुन्या छपाईत अनुस्वार घेऊनच येतं. आणि ‘वंचित’ही त्याच धातूचा. जी निसटली ती वांचली, जिच्या हातून निसटलं ती वंचित.

मुखपृष्ठावर ‘वांचलेली’ छापा. अनुस्वारासह.

शब्दशुद्धी
हे मला आवडलं, आणि मी मनापासून म्हणतोय. पण नियमबाह्य आहे. शाळेतलं पोर ते मुखपृष्ठ बघून वहीत ‘वांचलेली’ लिहील आणि बाई लाल शाईनं खोडतील.

धरणग्रस्ताची लेक
मी ती बाई. मी खोडणार नाही.

चिखलीचा
उच्चाराचं काय पण? अनुस्वार उच्चारातच नव्हता, तर काढला ते बरोबरच झालं.

अनुस्वार
कोकणात आजही नाकातून येतो. मालवणी माणसाला ‘वांचलंय’ म्हणायला सांगा. आपल्या देशावर तो केव्हा गेला हा प्रश्न आहे. घाटाखालून आलेल्या घरांत अजून सापडेल, राधानगरी-गगनबावड्याकडं विचारून बघितलं पाहिजे.

माळावरची
माझी आजी गगनबावड्याची. ती ‘कांय’ म्हणायची, ‘नांव’ म्हणायची, पण ‘वाचली’ म्हणताना नाकात आणल्याचं आठवत नाही. गाय वाचली, पोर वाचलं, असं रोज म्हणायची, कारण दोन्ही रोज मरायची. शेजारच्या म्हातारीकडं चौकशी करते.

शब्दशुद्धी
‘नांव’मधला अनुस्वार वेगळा. तो ‘नाम’मधल्या म-चा. ‘गांव’ हे ‘ग्राम’वरून आलं, तसंच. ‘वांचणें’मधला ञ-चा. दोन्ही एकाच मापानं मोजू नका.

अनुस्वार
मान्य. पण मग ‘पांच’ घ्या. ‘पञ्च’वरून आला, तिथंही ञ-च. तुमच्या आजी ‘पांच’ कशा म्हणायच्या, माळावरची ताई?

करवीरकाठ
रविवारी सातवं प्रकरण वाचायचंय, न्यायाधीशांपुढचं. ते वाक्य अजून पेन्सिलीनं कोरं सोडलंय. त्याआधी शनिवारी दोन किलो मिरची घेऊन कांडपावर जातो. देठं काढून ठेवलीत.

माळावरची
पाच म्हणायची. साधं पाच. पण ‘पंचवीस’ म्हणताना नाक येतंच, ते सगळ्यांचंच येतं, नाही का?