शब्दचर्चा: बाजार ‘आपलासा’ करतात, ‘कवटाळतात’ की ‘पत्करतात’?

वाटाड्या: एका लेखाचं मराठी करतोय. डावीकडे थोडी कललेली सरकारं मुक्त बाजारपेठ आणि जागतिकीकरण आपलंसं करू शकतात का, असा विषय आहे. पहिल्याच वाक्यात अडलो. ‘मध्यम-डावे’ लिहिलं तर शर्टाचं माप वाटतं, नुसतं ‘डावे’ लिहिलं तर वाचक थेट लाल बावट्यापाशी पोचतो.

बोरूबहाद्दर: ‘डावीकडे झुकलेले’ लिहा. आपल्याकडे डावे म्हणजे कम्युनिस्ट, फार तर शेकाप. काँग्रेसने १९५५ साली मद्रासजवळच्या आवडी गावच्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, तरी गावात त्यांना डावे कोणी म्हणत नव्हतं. शिवाय ‘डावं-उजवं करणं’चा अर्थ भलताच. राजकारणातलं डावं-उजवं आलं ते फ्रेंचांच्या १७८९ च्या सभागृहात कोण कुठे बसलं त्यावरून; त्याच्याशी याचं काही देणंघेणं नाही.

वाटाड्या: पटलं. मग बाजारपेठ ‘मुक्त’ की ‘खुली’?

खडीसाखर: ‘खुली’. मुक्त म्हटलं की मराठी माणूस विचारतो, कशातून? ऋणमुक्त, व्यसनमुक्त, तसं. आपल्याकडच्या १९९१ च्या आर्थिक सुधारणांपुरतं उत्तर देता येतं: परवान्यातून. २४ जुलैच्या औद्योगिक धोरणात १८ उद्योग वगळून बाकीच्यांची परवान्याची अट उठली. त्याआधीच्या परवान्याच्या जमान्यात आमच्या वडिलांनी स्कूटरला नंबर लावला, म्हणजे नाव नोंदवून वाट बघत बसले, तेव्हा मी जन्मलो नव्हतो. नंबर लागला तेव्हा मी पुढे उभा राहून हँडल धरण्याइतका झालो होतो. हे पुतणीला सांगितलं तर तिने विचारलं, “काका, नंबर लावला म्हणजे कुणाला फोन केला?”

पण खरी गोम तुमच्या क्रियापदात आहे. ‘आपलंसं करणं’ कुठलं? त्याच जुलैत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, १ आणि ३ तारखेला, आणि रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं गहाण पडायला परदेशी गेलं. धोरणाचा मसुदा उघडा, सुरुवातच पंडित नेहरूंच्या नावाने आहे. दुकान नवं, पाटी जुनी. तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह राव रामटेकचे खासदार राहिलेले, मराठी उत्तम येणारे. त्यांना नेमका शब्द विचारला असता तर ‘पत्करलं’ म्हणाले असते, असं मला आपलं वाटतं.

बोरूबहाद्दर: पण सगळीकडे ते लागू नाही. न्यूझीलंडच्या मजूर पक्षाने १९८४ मध्ये सत्तेवर येताच शेतीची अनुदानंच काढायला घेतली. चलनाचं संकट होतं हे खरं, पण अर्थमंत्री रॉजर डग्लस गरजेच्या कितीतरी पुढे गेले. ते ‘कवटाळलं’. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअरनी १९९५ मध्ये पक्षाच्या घटनेतलं सामायिक मालकीचं कलम बदलून घेतलं, तेही सत्ता मिळायच्या दोन वर्षं आधी, डोक्यावर कुठलंही कर्ज नसताना. तिथे तुमचं ‘आपलंसं केलं’ चपखल बसेल. (त्यांच्या ‘तिसऱ्या मार्गा’चं, म्हणजे डाव्या-उजव्यांमधल्या वाटेचं, भाषांतर जपून करा, इथे लोकांना तिसरी आघाडी आठवते.)

खडीसाखर: आणि जर्मनीत चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, असलेले सोशल डेमोक्रॅट श्रोडर. २००३ मध्ये बेकारभत्त्याच्या सुधारणा आणल्या, कामगार संघटना दुरावल्या, २००५ मध्ये चान्सलरपद गेलं. कवटाळलं आणि अंगलट आलं.

चिंचोका: अहो, आपला ‘खाउजा’ विसरलात सगळे! खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. असं लघुरूप पाडायला मराठीच पाहिजे. मोर्चात ऐकलं की ‘खाऊन जा’च ऐकू यायचं.

वाटाड्या: तोच वापरू का मग?

चिंचोका: नको. त्यात बाजू घेतल्यासारखं होतं. गंमत अशी की आता स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये तो निमूट बसलाय, पोरं चार गुणांसाठी पाठ करतात. मला त्यातला मधला ‘उ’ जास्त खटकतो. उदार म्हणजे हात सैल सोडून देणारा. कापडगिरणीत असलेल्या आमच्या मामांनी तेव्हा विचारलं होतं, “सरकार उदार झालंय म्हणतात, मग मला काय मिळणार?” ‘शिथिलीकरण’ म्हटलं असतं तर निदान खोटी आशा लागली नसती.

वाटाड्या: मग वाक्य असं करतो: ‘डावीकडे झुकलेल्या सरकारांना खुली बाजारपेठ पत्करता येते का?’

बोरूबहाद्दर: ‘पत्करता येते’ कानाला बोचतं. पत्करावी लागते.

वाटाड्या: मग ब्लेअरचं काय करू?

बोरूबहाद्दर: त्यांच्यासाठी वेगळं वाक्य लिहा.