गावकऱ्यांसोबत राहून भातशेती, बियाणे आणि रानाची जुनी कौशल्ये कशी शिकावीत?

खाचरवाट, पुणे

सप्रेम नमस्कार. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात आमची थोडी वडिलोपार्जित भातखाचरे आहेत आणि त्यांच्या कडेला कारवीच्या कुडाचे, म्हणजे कारवी या रानझुडपाच्या काठ्या बांधून मातीने लिंपलेल्या भिंतींचे, एक जुने घर आहे. आजी-आजोबांच्या पश्चात शेती वाट्याने दिली गेली आणि घर बहुतेक काळ बंदच राहिले. येत्या वैशाखापासून वर्षभर तेथे राहण्याचे आम्ही पती-पत्नीने ठरवले आहे. आजी बियाणे घरचेच ठेवत असे, पहिल्या पावसानंतर रानभाज्या आणत असे आणि घराच्या भिंती दरवर्षी स्वतः लिंपत असे. यांपैकी काहीही आमच्यापर्यंत पोहोचलेले नाही.

शहरात दोन दिवसांची शिबिरे भरतात, परंतु आम्हाला गावातल्या लोकांकडून आणि त्यांच्या कामाच्या ओघात शिकायचे आहे. वस्तीवर महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे आहेत व त्यांच्याशी आमचा जुना घरोबा आहे. तरीही ऐन हंगामात, जेव्हा त्यांना श्वास घ्यायला उसंत नसते, तेव्हा 'आम्हाला शिकवा' म्हणून दारात उभे राहणे मनाला पटत नाही. सुरुवात कोणत्या कामापासून करावी, कोणाला विचारावे आणि त्यांच्या वेळेची भरपाई कशी करावी, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

राजूरकर

आपल्या प्रश्नातील संकोच योग्य आहे आणि त्याचे उत्तर गावाच्या रीतीतच आहे. आमच्याकडे आवणीला, म्हणजे भाताची रोपे खाचरात लावताना, अजूनही सावड चालते. आज चार घरांची माणसे माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या खाचरात, असा तो हिशेब असतो आणि त्यात पैशाची देवघेव नसते. आपण शिकण्यासाठी वेगळा वेळ मागू नका, तर सावडीत आपली दोन माणसे धरायला सांगा. सुरुवातीला आपला हात मंद चालेल, म्हणून एका गड्याच्या बदल्यात दोन दिवस देण्याची तयारी ठेवा आणि ते आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. चिखलात वाकून रोप लावताना शेजारची बाई आपोआप सांगते की काडी किती खोल जावी, एका चुडात (एकत्र लावायच्या जुडीत) किती रोपे घ्यावीत आणि बांधाचे पाणी कोठून फोडावे. हे शिबिरात सांगता येत नाही, कारण तेथे पाऊस, चिखल आणि पुढच्या खाचराची घाई यांपैकी काहीच नसते.

मात्र शिकण्याची खरी सुरुवात आवणीच्या आधी, बियाण्यापासून होते आणि बियाणे आमच्या भागात प्रामुख्याने बायकांच्या हाती असते. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेलच. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी शेतकरी बाईंनी भात, वाल, घेवडा आणि भाज्यांचे गावठी वाण जपले, बायफ या ग्रामविकास संस्थेच्या साहाय्याने बियाणे बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम मोठे आहेच, पण त्यामागचे ज्ञान आपल्या वस्तीवरच्या वयस्कर बायकांकडेही आहे. त्या घरात काळभात, रायभोग किंवा जिरवेल यांपैकी काही लावतात का, हे आदराने विचारा आणि मूठभर बी मागताना पुढच्या वर्षी त्याचे दुप्पट परत करण्याचा शब्द द्या.

बियाणे निवडण्याची रीत मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण येथे घाई केली तर वर्ष वाया जाते. कापणीच्या आधी, पीक उभे असतानाच खाचरात फिरायचे. बांधालगतची रोपे सोडायची, कारण तेथे शेजारच्या वाणाची भेसळ असू शकते आणि कडेच्या रोपाला जागा जास्त मिळाल्याने त्याची जोमदार वाढ फसवी असते. मधल्या भागातील एकाच उंचीची, एकाच वेळी पिकलेली, निरोगी रोपे पाहून त्यांच्या भरदार लोंब्या वेगळ्या काढायच्या. त्या वेगळ्याच झोडायच्या. इतर भातात मिसळल्या की सारी निवड संपली. दाणा दाताखाली कट्कन तुटेपर्यंत ऊन द्यायचे, मग शेणाने सारवलेल्या कणगीत भरून तोंड लिंपून टाकायचे. वाल-घेवड्याचे बी चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळून मडक्यात ठेवतात, त्याने भुंगा लागत नाही.

पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडावे, तरंगलेले काढून टाकावे आणि तळाला बसलेले स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवावे. ही मात्र कृषी खात्याची शिफारस आहे, जुन्या रीतीतील नाही, आणि ती आमच्या वस्तीने आनंदाने स्वीकारली आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात तेही पाहावे. ऐंशीच्या खाली आले तर बियाणे वाढवून टाकावे. शेतकऱ्याने आपले बियाणे राखावे, वापरावे, दुसऱ्याला द्यावे किंवा विकावे, हा त्याचा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याने मान्य केलेला आहे. फक्त छापील नाव लावून ते विकता येत नाही.

माचीवरची

राजूरकरांनी शेतीबद्दल सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी रानाबद्दल लिहिते. रानभाजी पुस्तकातील चित्रावरून शिकू नये. जी बाई दरवर्षी आणते तिच्यामागे टोपली घेऊन जावे आणि तिने हात लावल्याशिवाय काहीही खुडू नये. पाऊस सुरू झाला की सर्वांत आधी शेवळे वर येतात आणि थोड्याच दिवसांत संपतात. कोवळा, जांभळट कोंब हातात घेतला की बाई त्याचे बाहेरचे आवरण सोलते, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकते आणि उरलेले बारीक चिरून भरपूर शिजवते. त्यात काकड या झाडाची आंबट फळे किंवा चिंच घालावीच लागते, नाहीतर घसा खाजतो. ही खाज भाजीतील स्फटिकांची असते. नवख्या माणसाने चिंच घालणे हा चवीचा प्रश्न समजू नये.

शेवळांच्या मागोमाग टाकळा, फोडशी, भारंगी, कुर्डू, करटोली अशी रांग लागते. याच दिवसांत बांधावर कळलावीचे वेलही फुटतात. तिच्या पानाचे टोक वळून आधाराला धरते, ही तिची खूण लक्षात ठेवा, कारण तिचा कंद जीवघेणा विषारी आहे. कडू करांदा हा रानकंद कापून, राखेच्या पाण्यात उकळून, मग वाहत्या पाण्यात ठेवून खातात, पण ते सारे जाणत्या माणसाच्या डोळ्यांसमोर करायचे आहे. अळंब्यांच्या बाबतीत मी आणखी कडक सांगेन की पहिल्या वर्षी त्या स्वतः उचलूच नका, जाणत्या घरातून आलेल्याच खा.

एक महत्त्वाची गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडचे बरेच रान 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना आहे आणि तो त्यांच्या पोटाशी जोडलेला आहे. बाळहिरडा (हिरड्याची कोवळी, वाळवलेली फळे) विकून अनेक घरांचे उन्हाळ्याचे पैसे येतात. म्हणून शिकायला जाल तेव्हा टोपली त्यांचीच भरू द्या आणि आपल्या घरापुरती भाजी त्यांच्याकडून विकत घ्या. आपल्या स्वतःच्या बांधावर टाकळा आणि कुर्डू मुबलक उगवतात, तेथे हवे तेवढे खुडावे.

खाचरवाट, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. सावडीचा मार्ग आम्हाला फार पटला. ज्या आजीबाई रानात किंवा बियाण्याच्या कामात सोबत घेतील, त्यांना त्या दिवसाची पूर्ण मजुरी देणे योग्य ठरेल की तो अपमान वाटेल? दुसरे म्हणजे, शेजारी म्हणतात की रोपासाठी आम्हीही वैशाखात राब भाजावा, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा रचून जाळावा, त्याविषयी आपले मत काय? आणि घराच्या भिंतीचा कूड खालून कुजला आहे, तो कधी बदलावा?

डोंगरमाथा

मजुरीबद्दल प्रथम. सावडीच्या कामात पैसे देऊ नयेत, तेथे कामाची परतफेड कामानेच होते. पण एखाद्या बाईचा दिवस केवळ आपल्याला शिकवण्यात गेला असेल तर मजुरी द्यावीच, ती हातात ठेवताना आडवळण घेऊ नये. गरिबाने आपली विद्या फुकट वाटावी ही अपेक्षा मला अजिबात पटत नाही.

राबाच्या बाबतीत माझे मत शेजाऱ्यांपेक्षा वेगळे आहे. शेणाच्या गोवऱ्या, पालापाचोळा, ऐनाच्या छाटलेल्या फांद्या, गवत आणि वर बारीक मातीचा थर असे रचून भाजण्याने तणाचे बी जळते, जमीन भुसभुशीत होते आणि राखेने रोप जोमाने येते, हे खरे आहे. परंतु त्यासाठी दरवर्षी झाडे ओरबाडली जातात आणि शेतात परतू शकला असता तो पालाही जळून जातो. आपली जमीन थोडी आहे, म्हणून एका वाफ्यात राब करावा, तो नीट शिकून घ्यावा आणि शेजारी गादीवाफा (उंच केलेला वाफा) करून त्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. दोन्हीकडची रोपे उपटताना मुळे किती सहज सुटतात आणि तण किती निघते, हे शेजाऱ्यांसोबत पाहावे. शिकायला आलेल्या माणसाने गावाला न विचारता त्यांची रीत मोडू नये, पण आपल्या खाचरात तुलना करून दाखवण्यास कोणाची हरकत नसते.

कुडाला पावसाळ्यात हात लावू नका. दिवाळीनंतर, भात घरात आल्यावर माणसेही मोकळी असतात आणि मातीही सुकते. कारवी सात वर्षे वाढून आठव्या वर्षी फुलते व बी पडल्यावर मरते. त्या वाळलेल्या काठ्या कुडाला उत्तम असतात, मात्र अभयारण्यातून त्या स्वतः तोडून आणू नका, वस्तीवरच्या हक्कदार कुटुंबांकडून रीतसर घ्या. मेढी (लाकडी खांब) शाबूत असतील तर फक्त खालचा पट्टा उलगडून नव्या काठ्या बांधता येतात. लाल माती, शेण आणि भाताचा बारीक पेंढा एकत्र तुडवून दोन दिवस मुरू द्यावा, मग आतून-बाहेरून दाबून जाड लेप द्यावा. तो पूर्ण वाळून तडे गेल्यानंतरच शेण-मातीचा पातळ दुसरा हात द्यावा, कारण ओल्यावर दिलेला हात पापुद्रा होऊन गळतो. कूड खालून कुजला आहे याचा अर्थ पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी उडते आहे. तेव्हा लिंपण्यापूर्वी दगडी जोते वीतभर उंच करून घ्या आणि वळचण हातभर पुढे काढा.